बॅग आली म्हणजे मी आलो असं होत नाही

...आणि मामा, बॅग आली म्हणजे माणूस आला, हा हिशोब तुम्ही कुठल्या शाळेत शिकलात ते एकदा कळवा. मी शाळेत गेलो ते दिवस थोडेच (किती थोडे ते तुम्ही पाहुण्यांसमोर मोजून दाखवताच), पण तेवढ्या दिवसांत तरी हा हिशोब कुणी शिकवला नव्हता. बसच्या कंडक्टरनं बॅग तुमच्या पंपदुरुस्तीच्या दुकानात आणून टाकली हे खरं. बॅग माझीच, हेही खरं. त्यावर दुकानाचं नाव आणि फोन नंबर तुम्हीच ऑइलपेंटनं एवढा मोठा घातलाय की ती हरवायचं म्हटलं तरी हरवणार नाही. पण त्यावरून मी नवव्यांदा नोकरी सोडून आलोय, तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून सायकलवाल्या मित्राच्या माळ्यावर दडून बसलोय, आणि तुमच्या रागाचा अंदाज घ्यायला बॅग पुढं पाठवलीय, असं तुम्ही सगळ्या गल्लीत सांगत सुटलात ते काही बरोबर केलं नाहीत. मित्राचा फोन आला होता. तुम्ही स्वतः शिडी लावून माळ्यावर चढलात म्हणे. तिथं मी नव्हतो. मी इथंच आहे, त्याच नोकरीत आणि त्याच खोलीत, फक्त अंगावरच्या एका शर्टानिशी. आणि मी घरी पळून आलोय अशी तुमची एवढी खात्री होती, तर शिव्यांचं पत्र इथल्या पत्त्यावर कशाला टाकलंत? इथं ते वाचणार कोण होतं?

आता रीत पाळतो. तुम्हाला आणि मामीला वाकून नमस्कार. (नमस्कार आधी लिहायचा असतो हे मला ठाऊक आहे, पण पोटातलं आधी बाहेर काढलं नसतं तर नमस्कारही वाकडाच पडला असता.) गुडघा कसा आहे? शिडीवरून उतरताना तुम्ही कुठला पाय आधी टाकलात ते मित्राला सांगता आलं नाही, तो म्हणाला मी डोळे मिटून घेतले होते. मामीचा चष्मा सापडला का? नसेल तर त्याच बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात बघा. निघताना मामीनंच बॅग भरली, तेव्हा तिच्याच हातून तो आत गेला. पाच महिने माझ्याकडे होता, कळवायचं राहून गेलं. म्हणजे बॅग घरी गेली त्यात तेवढं तरी बरं झालं. फोन का केला नाही, असं विचाराल. फोनवर तुम्ही मला दोन वाक्यं सलग बोलू देत नाही, आणि तिसऱ्याला ठेवून देता. पत्र मधेच तोडता येत नाही. फाडता येतं, पण वाचल्यावरच.

तर मुद्द्याचं आधीच लिहितो. मी पळून आलो नाही. मी पळून निघालो होतो. या दोन्हीत फरक आहे, आणि तो फरक नीट उलगडून सांगायचा तर तुम्हाला आधी मासे समजून घ्यावे लागतील.

तुम्ही पत्रात माझ्या कामाला 'मासे विकण्याचा धंदा' म्हटलंय. मी मासे विकत नाही, मी त्यांचं पाणी बघतो. आमचे मालक लोकांच्या ऑफिसात, दवाखान्यात काचेच्या टाक्या मांडून देतात आणि मग त्या सांभाळतात. आत खरी झाडं लावलेली, रेती, लाकूड आणि चार-पाच जातींचे मासे एकत्र. मालकांना मी थांबकाका म्हणतो (मनात). वय तुमच्याएवढंच, चाल कासवाची, आणि तोंडात एकच शब्द: थांब. टाकीत हात घातला की थांब. मासा आजारी दिसला, औषध टाकू का म्हटलं की थांब. आधी बघ. नवीन टाकीत पाणी भरून हा माणूस दीड महिना तशीच ठेवतो, मासा न सोडता, आणि गिऱ्हाइकाला सांगतो की आत काम चालू आहे. आत काय असतं? पाणी. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, असा धंदा आपल्या घराण्यात आधीच कुणाला का सुचला नाही. तुम्हाला तर माहीत आहे माझी भिंगरी. मला बसायला दिलेली खुर्चीसुद्धा चार दिवसांत डगमगायला लागते. अशा माणसाला देवानं थांबकाकांच्या हाताखाली घातलं, यात देवाची गंमत असेल, माझी नव्हती.

त्यांचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक दातांच्या डॉक्टरीणबाई. त्यांच्या बाहेरच्या खोलीत सहा खुर्च्या, पाच मिनिटं पुढं धावणारं घड्याळ, आणि भिंतीला लागून पाच फुटांची टाकी. आतून दात कोरायच्या यंत्राचा आवाज येतो ना, तो ऐकून खुर्चीतला माणूस दरवाजाकडे बघायला लागतो. त्यानं दरवाजाऐवजी माशांकडे बघावं म्हणून ती टाकी. बाई म्हणतात की टाकी आल्यापासून पळून जाणारे निम्म्यावर आले. (हे ऐकून मला जरा कानकोंडं झालं.) आत पंचवीस निऑन, म्हणजे सुईएवढे मासे, अंगावर निळी-लाल रेघ. पतंगासारखे चपटे, लांब पंखांचे दोन एंजल, ते नवरा-बायको. तळाला सहा मिशावाले, दिवसभर रेती हुंगत फिरतात, काही हरवल्यासारखे. आणि एक काळा, काचेला तोंड लावून चिकटलेला, त्याला मी काचचाट्या म्हणतो. खालच्या कपाटात फिल्टरचा डबा, त्यात पंप. टाकीतलं पाणी डब्यात येतं, स्पंज आणि मातीच्या पोकळ कड्यांतून गाळून पंप ते परत वर पाठवतो. परतीच्या पाइपवर एक नळ आणि नळाला लाल दांडी. हीच ती, तुम्हाला माझ्या मोज्यात सापडली आणि 'ही कुणाची चोरलीस' म्हणून तुम्ही दोनदा खाली रेघ मारून विचारलंत. तिचं पुढं येतं.

दुकानात दोन महिने काचा पुसल्यावर काकांनी मला दवाखान्याची टाकी एकट्यावर सोपवली. पहिल्याच दिवशी मी कपाट उघडलं आणि बघतो तर काय, नळ अर्धा बंद. मामा, खरं सांगा, तुमच्या हाताखाली वाढलेल्या पोरानं अर्धा बंद नळ बघून काय करावं? 'अर्ध्या जोरावर चालणारा पंप आणि अर्ध्या मनाचा माणूस, दोन्ही भंगारात घालावेत' हे वाक्य तुम्ही मला भाकरीबरोबर भरवलंय. मला वाटलं काकांच्या म्हातारपणामुळं राहिलं असेल. मी दांडी पूर्ण फिरवली. पाणी असं सुटलं की वा. झाडं एका अंगाला आडवी झाली, भांग पाडल्यासारखी. रेतीचा कोपऱ्यात ढीग झाला आणि सहाही मिशावाले त्या ढिगावर बसून विचार करायला लागले. एंजलचा नवरा काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आपोआप जायचा, मग बिचारा कष्टानं परत यायचा. आणि निऑन! एरवी इकडे तिकडे रेंगाळणारे पंचवीसच्या पंचवीस एका रांगेत उभे, तोंडं पाइपकडे, शेपट्या जीव खाऊन हलवतायत, आणि जागचे हलत नाहीत. मला धन्य वाटलं. मासोळीच्या पोराला पोहायला शिकवावं लागत नाही म्हणतात, पण कवायत तर शिकवावी लागते ना. खुर्चीतला एक गृहस्थ गाल सुजलेला असतानाही म्हणाला, काय शिस्त आहे. मी म्हटलं, नवीन माणूस आलाय.

तिसऱ्या दिवशी काका आले. त्यांनी टाकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. शिव्या दिल्या नाहीत (तुमच्याकडून आल्यावर हे मला फार जड जातं, शिवी आली नाही की माणूस किती रागावलाय ते कळत नाही). ते खाली बसले, दांडी परत अर्ध्यावर आणली आणि मला शेजारी बसवून अर्धा तास नुसतं बघायला लावलं. झाडं हळूहळू उठली. निऑनची रांग मोडली आणि ते पानांखाली जाऊन पडून राहिले, दमलेल्या हमालांसारखे. काका म्हणाले की हे संथ पाण्यातले जीव. ती कवायत नव्हती, वाहून जाऊ नये म्हणून धडपड होती. दिवसभर पोहत होते आणि पोचत कुठंच नव्हते. मग माझ्याकडे बघून जरा थांबले (ते थांबतातच), आणि म्हणाले, पान हलावं, पण पडू नये, एवढंच पाणी. मी म्हटलं, आमचे मामा म्हणतात जोर म्हणजेच जीव. ते म्हणाले, तुझे मामा विहिरीचं पाणी वर चढवतात, ते बरोबरच आहे. इथं पाणी चढवायचं नाही, फिरवायचंय. तेव्हा तुमचं चुकलं असं कुणी म्हटलेलं नाही, नोंद घ्यावी.

इथं मी कानाला खडा लावायला हवा होता. पण खडा लावायला हात मोकळा लागतो, आणि माझा हात पुढच्या कामात गुंतला होता. महिन्याभरानं फिल्टर साफ करायची वेळ आली. काकांनी सांगितलं होतं की स्पंज टाकीतल्याच बादलीभर पाण्यात दोनदा पिळायचा आणि तपकिरी आहे तसाच परत ठेवायचा. मी अर्धं ऐकलं. डबा उघडला तर आत चिखल, मामा. सरळ सरळ चिखल. यातून पाणी गाळून हे लोक माशांना देतात? तुमच्या दुकानातली ती पंपाची जाळी आठवली, घासून घासून तोंड दिसेपर्यंत धुवायला लावलेली. मी दवाखान्याच्या गरम पाण्याच्या नळाखाली स्पंज धुतला, ब्रश घेऊन एकेक कडं घासलं, आणि वर गच्चीवर नेऊन उन्हात दोन तास वाळवलं. असं पांढरंशुभ्र झालं सगळं की काउंटरवरच्या ताईंना मुद्दाम दाखवायला नेलं. (या ताई पेशंटचे नंबर लावतात, आणि कोण घाबरून पळणार ते चेहऱ्यावरून ओळखतात. पुढं यांचं काम आहे.) त्या म्हणाल्या, माझ्या घरचं भांडंसुद्धा असं निघत नाही. त्या दिवशी मी शीळ घालत खोलीवर गेलो.

तिसऱ्या दिवशी पाण्यात कुणी वाटीभर दूध ओतल्यासारखं दिसायला लागलं. आणि सगळे मासे वर. पाण्याच्या काठाला येऊन तोंडं उघडतायत, मिटतायत, उघडतायत. मला वाटलं मला बघून आले, ओळख पटली आता. मीही वाकून हात हलवला. ताईंना वाटलं भुकेले आहेत, त्यांनी चिमूटभर दाणे टाकले, मग मायेनं आणखी चिमूटभर. दुपारपर्यंत सात निऑन उलटे झाले, आणि बाकीचे वरच. तेव्हा कुठं मला कळलं की ते माझ्याशी बोलत नव्हते. त्यांचा श्वास कोंडला होता.

काका आले, बाटलीत पाणी घेऊन तपासणीच्या औषधाचे थेंब टाकून रंग बघितला, आणि मग मला त्या चिखलाचं सांगितलं. मामा, तो चिखल म्हणजेच सगळा कारखाना. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू त्या मळात राहतात आणि माशांच्या घाणीतलं विष खाऊन संपवतात. टाकी दीड महिना रिकामी ठेवतात ती त्यांना घर बांधायला. दीड महिन्याची वस्ती मी दोन तासांत उन्हात वाळत घातली होती. खाली स्वच्छ फिल्टर, आणि वर मासे विष पीत होते. मी आयुष्यात एवढं मन लावून काम पहिल्यांदा केलं होतं, आणि त्यात सात जीव गेले. काका तसेच उठले, दुकानातल्या जुन्या टाकीतला एक घाणेरडा तपकिरी स्पंज पिशवीत घालून घेऊन आले, आहेरासारखा दोन्ही हातांनी, आणि माझ्या पांढऱ्याशुभ्र डब्यात ठेवला. मळावर मळ नाही, मामा, विरजण लावल्यासारखं म्हणा. दुधाला दह्याचा थेंब लागतो ना, तसं.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. चांगल्या आहेत, पण स्पष्ट. म्हणाल्या, मरणारे मासे बघून माझे पेशंट उठून जातायत. एक महिना देते. पाणी निवळलं नाही किंवा आणखी मासे गेले तर टाकी काढायची, मी तिथं टीव्ही लावीन. त्या आत गेल्यावर काका मला म्हणाले की टीव्ही लागला तर माझं सगळ्यांत मोठं काम गेलं, आणि मग मला तुला ठेवता येणार नाही, ठेवायची इच्छा असली तरी. रोज ये. पाव टाकी पाणी बदल. मासे मोज. दुसरं काही करू नकोस.

दुसरं काही करू नकोस. हे काम तुम्ही कधी केलंय का? मी आठ नोकऱ्या सोडल्या त्यातल्या एकीतही एवढी मेहनत नव्हती. रोज बादलीनं पाणी काढायचं, दुकानातून आणलेलं, दोन दिवस उघडं ठेवून मुरवलेलं पाणी धारेनं सोडायचं, दाणे टाकताना पंप बंद करायचा (नाहीतर दाणे पाइपात ओढले जातात), दाणे खाऊन झाले की चालू करायचा, मासे मोजायचे, आणि मग खुर्चीत बसून हात मांडीखाली घालायचे. हो, मांडीखाली, कारण ते शिवशिवतात. पाचव्या दिवशी काही नाही. नवव्या दिवशी काही नाही. अठरा निऑन, दोन एंजल, सहा मिशावाले, एक काचचाट्या. पेशंटना वाटायचं हा रोज येतो, याचे दात भयंकरच असणार. एक आजोबा मला धीर द्यायचे. पंधराव्या दिवशी पलीकडची भिंत जरा दिसायला लागली. विसाव्या दिवशी पाणी असं निवळलं की टाकीत पाणी आहे की नाही ते मासा हलला तरच कळावं. मी तुम्हाला तेव्हाच लिहिणार होतो. पण म्हटलं थांब. (लागली ती सवय.)

तेविसाव्या दिवशी दुपारी पंप बंद केला, दाणे टाकले, मोजायला लागलो. अठरा, सहा, एक. एंजल एकच. परत मोजलं. एकच. बायको नाही, आणि नवरा वेड लागल्यासारखा. जो जवळ येईल त्याच्या अंगावर धावून जातोय. मिशावाल्यांना हाकलतोय. काचचाट्यालासुद्धा. मी काचेला बोट लावलं तर माझ्या बोटावर आला. मी ओळखलं. ती गेली, कुठंतरी झाडात अडकून पडली असणार आणि बाकीच्यांनी तिला कुरतडलं असणार, म्हणून हा असा चवताळलाय. आणखी मासे गेले तर टाकी जाणार, टाकी गेली तर मी जाणार. मग हाकलून देईपर्यंत कशाला थांबायचं? आपली पद्धत काय, आधी निघायचं. मी कपाट उघडलं, त्या नळाची लाल दांडी उपसून खिशात घातली (पुढं जो कोणी माझ्या जागी येईल, त्याच्या हाताला खाज सुटून त्यानं नळ पूर्ण उघडू नये म्हणून, चांगल्या मनानं), खोलीवर आलो, बॅग भरली, दांडी मोज्यात खोचली आणि चारच्या बसमध्ये बसलो.

गावाबाहेर बस डिझेल भरायला थांबली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. आणि एकदम शांत झालं. मामा, ती शांतता मला ओळखीची वाटली. ही मी आजच कुठंतरी ऐकली. खिडकीला डोकं लावून आठवत बसलो, आणि आठवलं तेव्हा सीटवरून उठलोच. मी दवाखान्यातून निघालो तेव्हा खोलीत अशीच शांतता होती. कपाटातून तो घूं आवाज येत नव्हता. दाण्यांसाठी बंद केलेला पंप मी चालूच केला नव्हता. पंप बंद म्हणजे डब्यात कोंडलेलं पाणी, कोंडलेल्या पाण्यात ती वस्ती गुदमरणार, तीन आठवड्यांची, एकेक बादलीनं वसवलेली. मासा मेला तर मेला म्हणता येतं. पण ही वस्ती मी दुसऱ्यांदा मारत होतो, आणि या खेपेला ब्रशसुद्धा लागला नव्हता.

मी उतरलो आणि पळालो. आयुष्यात पहिल्यांदा उलट्या दिशेनं, म्हणून पायांना जरा वेळ लागला. मागून कंडक्टर ओरडत होता, तो बॅगेबद्दल ओरडत होता हे मला दवाखान्याच्या जिन्यावर कळलं. सहा वाजत आले होते, ताई कुलूप हातात घेऊनच उभ्या होत्या. मी तसाच जमिनीवर आडवा झालो, कारण पंपाचा प्लग कपाटाच्या मागं भिंतीशी आहे, आणि हात आत घालून बटण दाबलं. घूं. तुम्हाला मोटर चालू झाल्याचा आवाज आयुष्यभर ऐकून काही वाटत नसेल. मला तिथं पडल्या पडल्या डोळ्यांत पाणी आलं. रोज बटण दाबून मी लगेच उठायचो, त्या दिवशी मान तशीच वळवली तर जमिनीवरून टाकीचा तो कोपरा दिसत होता जो उभ्या माणसाला कधीच दिसत नाही, मोठ्या लाकडाच्या मागचा. तिथं एक रुंद पान. पानावर मोत्यांसारखे बारीक दाणे, ओळीनं चिकटवलेले. आणि समोर एंजलची बायको, जिवंत, धडधाकट, पंखानं त्या अंड्यांना वारा घालत. नवरा बाहेर राखण करत होता. मी त्याला वेडा समजलो, आणि तो फक्त आपली जागा सोडत नव्हता.

मी पडूनच हसायला लागलो. ताई म्हणाल्या, तू चहा प्यायला गेलास असं मी बाईंना सांगितलंय. फार लांबचा चहा होता. मी म्हटलं, हो, पण प्यायलो नाही.

दुसऱ्या दिवशी काका येऊन बघून गेले. रोजच्या ताज्या पाण्यानं आणि संथ धारेनं त्यांना इथं बरं वाटलं, म्हणून अंडी घातली, म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी स्वतः खाली बसून पाहिलं आणि टीव्हीचा विषय परत काढला नाही. मी विचारलं, पिल्लं निघतील? काका म्हणाले, नाही. पहिल्या खेपेला घाबरून स्वतःच खाऊन टाकतात, त्यांना जमत नाही. (तसंच झालं, चौथ्या दिवशी पान कोरं.) दुसऱ्या, तिसऱ्या, फार तर पाचव्या खेपेला शिकतात. मी म्हटलं, काका, माझी ही नववी आहे. ते म्हणाले, मग झालंच की.

आणखी काय लिहू. प्रकृतीस जपा, शिडीवर चढू नका. मित्राची माफी मागा, निदान माळ्याची तरी.

तुमचा (अजून इथंच असलेला) भाचा

ता. क. बॅग लवकर पाठवा. नऊ दिवस एकच शर्ट घालत होतो, रात्री धुवायचा आणि सकाळी ओलाच चढवायचा. दहाव्या दिवशी काकांनी त्यांचा एक शर्ट दुकानाच्या खुंटीवर ठेवला आणि म्हणाले, हा तुला होईल. काही विचारलं नाही. मी बसचं त्यांना सांगितलेलं नाही, पण त्यांना कळलंय.

ता. क. दुसरा. बॅग पाठवाल तेव्हा ती लाल दांडी पाठवू नका. ती चोरीची नाही. पण चांगल्या मनानं वगैरे काढली हे जे वर लिहिलंय, तेही खरं नाही, रागानं उपसली. आता नळ अर्ध्यावर आहे आणि दांडीशिवाय कुणालाच हलवता येत नाही, मला तर नाहीच. टाकीला ते फार मानवलंय. दांडी तुमच्या गल्ल्यात कुलपाखाली ठेवा.

ता. क. तिसरा. ताकाला जाऊन भांडं लपवणं पुरे. पंप चार दिवसांपासून घूं च्या मधे एक खर्र असा आवाज काढतोय. काका म्हणतात नवा घ्यावा लागेल आणि तो फार महाग आहे. माझ्या तोंडून निघून गेलं की आमचे मामा नुसत्या आवाजावरून मोटरचं दुखणं ओळखतात, हात लावायच्या आधी. मला वाटलं ते म्हणतील थांब. ते म्हणाले, बोलव. तेव्हा बॅग पार्सलनं नको, तुम्हीच घेऊन या. एकटी बॅग पाठवली की लोक काहीही समजतात. आल्यावर कुणी विचारलं तर म्हणा, पोरगा विसरून आला होता म्हणून द्यायला आलो. आणि आल्या आल्या नळ बघून हात शिवशिवले, तर माझ्या शेजारी एक खुर्ची रिकामी आहे, मांडीखाली हात घालून बसा.

ता. क. शेवटचा. पत्राबरोबर एका माणसाचं बसचं यायचं आणि जायचं भाडं पाठवतोय. जायचं फक्त तुमचं, मला लागणार नाही. एकूण आठशे साठ.